मुलांची संख्या दोन

मांगेरे, ऑकलंड
२१ मार्च २००५

कालेसिता,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते शेवटी देईन. आधी भांडण.

न्यूझीलंडमध्ये कायमचं राहू देणाऱ्या सोडतीत तुझं नाव निघालं, हे मला चर्चच्या पायऱ्यांवर कळलं. तेही कुणाकडून, तर गायनमंडळातल्या त्या मेलेनाइतेकडून. "काय गं लोसालिने, भाची कायमची येतेय म्हणे?" मी हसले आणि म्हणाले, हो ना, मला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. देवाच्या दारात खोटं बोलले, तुझ्यामुळे. तुझा बाप आज असता तर फालेलोआहून पांगाईपर्यंत चालत जाऊन त्याने मला फोन केला असता. घरात चांगलं काही झालं की पहिली खबर आत्याला आणि पहिला वाटाही आत्याचा. टोंगात हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. ते मी तुला पत्रातून शिकवायचं?

झालं ते झालं. मला आनंद झालाय. इथे लोक ज्या वाटांनी कायमचे होतात, त्या पाहून मला शिसारी आलीय. आमच्या गल्लीतल्या लुपेने पंच्याहत्तर वर्षांच्या विधुराशी लग्न केलं. सरकारला पुरावा हवा म्हणून खाटेवर दोन उशा मांडून फोटो काढले. उशा त्याच्या मुलीकडून उसन्या आणलेल्या. दुसरा एक जण बायकोला सोडून इथल्या बाईकडे राहिला, कागद मिळाला तसा बायकोकडे परत गेला आणि वर चर्चमध्ये साक्ष दिली की देवाने मार्ग दाखवला. आणि परवाचं ऐक. एकीने चुलतभावाला नवरा म्हणून दाखवलं. आपल्यात ज्याच्यासोबत एका खोलीत बसत नाहीत, ज्याच्यासमोर वेडावाकडा शब्द काढत नाहीत, त्याच्या मांडीला मांडी लावून ती अधिकाऱ्यापुढे बसली, आणि दोघं कधी प्रेमात पडली ते सांगून आली. मी त्या घरचं पाणी सोडलं.

तुझी वाट स्वच्छ आहे. चिठ्ठी निघाली, आता सप्टेंबरच्या आत नोकरीचा कागद दिला की तू, सेमिसी आणि मुलं, सगळ्यांना कायमचा शिक्का. नोकरीचं मी बघते.

आता खरं काम. वासिती. तुझ्या बापाच्या मयताला मी आले, तेव्हा तू एकोणीस वर्षांची होतीस, कडेवर पोर आणि त्याचा बाप मासेमारी बोटीवर पळालेला. तेव्हा ती मला दिलीस. दहा वर्षं ती माझी आहे. पण इथल्या कोर्टाला आपली रीत कळत नाही. तीनदा अर्ज केला, तीनदा सांगितलं की कायद्याने दत्तक नाही, जन्मदाखल्यावर आई दुसरीच आहे. म्हणून बिचारी माझ्या सासूजवळ नुकुआलोफात वाढली आणि मी टेलिफोनवरची आई झाले. आता तो जन्मदाखलाच उपयोगी पडेल. तुझी मुलगी म्हणून ती विमानात बसेल. विमानतळाच्या दाराबाहेर आली की माझी.

उलट टपाली लिही. आशीर्वाद.

तुझी आत्या
लोसालिने

फालेलोआ, हापाई
११ एप्रिल २००५

आत्या,

मान खाली घालून लिहितेय. तुम्ही रागावलात ते बरोबरच आहे. आम्हाला कळल्यावर दोन दिवस विश्वासच बसला नाही, आणि तेवढ्यात बातमी आमच्याआधी विमानात बसली.

इथे काय चाललंय ते सांगते. रोज सकाळी दारात कुणी ना कुणी. कुणी चटई आणतं, कुणी कोनफळांची पाटी, चर्चच्या घंटावाल्याच्या बायकोने तर पाय बांधलेलं डुकराचं पिल्लूच आणलं. ती रडायला लागली, मग रडणं थांबवून म्हणाली, माझा पोरगा तुझा म्हणून लिही. तो सतरा वर्षांचा आहे, आत्या. मी म्हटलं, मी बारा वर्षांची असताना झाला का तो? तर म्हणते, "त्या गोऱ्यांना काय कळतंय, आपल्या बायका लवकर वाढतात म्हणून सांग." मला तिच्याकडे बघवेना. तिच्या मांडीवरच्या पिल्लाकडे बघत बसले.

सगळ्यांना मी एकच उत्तर देते. सोडतीचा फॉर्म भरताना जी नावं लिहिली तीच धरतात, नंतर एकही वाढवता येत नाही. लोकांना ते खोटं वाटतं. सेमिसी म्हणतो, दारावर पाटी लावू, बोट भरली. तो हसण्यावारी नेतो. मला मात्र माणसांचा वीट आलाय. ज्यांच्यासोबत लहानपणी ओहोटीला शिंपले वेचले, त्या माझ्याकडे दरवाजाकडे बघावं तसं बघतात.

वासितीबद्दल लिहिलंत ते वाचलं. तुम्ही तिच्यासाठी इतकी वर्षं केलंत. देव तुम्हाला त्याचं फळ देवो.

आकेसा आता आठ वर्षांची झाली. पेनी चार. दोघं तुम्हाला मान देतात.

तुमची
कालेसिता

मांगेरे
१६ मे २००५

कालेसिता,

नोकरीचं जमलं. मी जिथे धुलाईला आहे त्याच वृद्धाश्रमात ऑगस्टमध्ये एक बाई सोडतेय. आमची मुकादम सामोअन आहे, तोंडाने फटकळ पण शब्दाची पक्की. मी तिला म्हटलं, माझी भाची कामाला माझ्यासारखी आहे. ती म्हणाली, तुझ्यासारखी नको, तू फार बोलतेस.

काम काय ते आधीच सांगते, मागाहून नाक मुरडू नकोस. म्हाताऱ्यांच्या चादरी. त्यात काय असतं ते तुला कळतं. पहिला महिना मी दुपारचं जेवत नव्हते. हातमोजे असतात, पण वास हातमोजे बघून थांबत नाही. कायमचं होणं म्हणजे काय ते मी तिथे शिकले. दुसऱ्यांच्या आया धुवायच्या आणि आपली आई मेली की सुट्टी मागायची.

पण तुला आणि सेमिसीला दोघांना काम मिळेल, मुलं शाळेत जातील. आणि वासिती माझ्या घरात असेल. मी मागची खोली रिकामी केली. खाट घेतली, शाळेत जाऊन नाव सांगून आले, गणवेशही आणला. गेल्या रविवारी मुलांचा रविवार होता. पोरं पांढऱ्या कपड्यांत एकेक करून उभी राहून वचनं म्हणत होती आणि त्यांच्या आया खाली बसून ओठ हलवत होत्या. मी सगळ्यांना सांगून टाकलं, पुढच्या वर्षी माझी मुलगी उभी राहील. मेलेनाइते म्हणाली, "तीच का, दर वर्षी येणार असते ती?" म्हणू दे.

सासूबाईंचं ठीक नाही. डोळे जवळजवळ गेलेत. शेजारीण फोनवर सांगत होती की चूल, पाणी, म्हातारीचं आंघोळपांघोळ, सगळं वासितीच बघते. शाळेत आठवड्यातून तीन दिवस. दहा वर्षांची पोर आंधळ्या बाईला धरून संडासला नेते. म्हणून घाई करतेय.

तू भरलेल्या फॉर्मची नक्कल पाठव. इथे इसिलेली म्हणून आपलाच एक आहे, लोकांचे कागद करून देतो. त्याला दाखवते म्हणजे कुठे खाच राहायला नको.

आत्या

फालेलोआ
१३ जून २००५

आत्या,

नक्कल पाठवत नाही. त्यात काय आहे ते मीच सांगते.

फॉर्म भरला त्या दिवशी मी पांगाईत पाद्रीसाहेबांच्या लेखनिकाच्या टेबलाशी बसले होते. तो एकेक रकाना वाचत होता. नवऱ्याचं नाव. मग मुलांची संख्या. मी दोन म्हटलं. आकेसा आणि पेनी. त्याने लिहिलं आणि पुढचा रकाना वाचला.

वासितीचं नाव त्यात नाही.

आत्या, तिला माझी म्हणून लिहिणं माझ्या मनातच आलं नाही. दिलेलं मूल आपलं म्हणायचं नसतं. कुणी विचारलं तुला मुलं किती, तर मी दहा वर्षं दोनच सांगत आलेय, तुमचा मान राहावा म्हणून. चर्चच्या वहीतही दोनच आहेत. ती मला नावाने हाक मारते, मी तिला तुमची मुलगी म्हणते. तिसरं नाव सांगितलं असतं, तर तुमच्याकडून पोर चोरल्यासारखं झालं असतं.

चिठ्ठी निघाल्यावर तुमचं पत्र आलं.  मग सेमिसीने पांगाईच्या कचेरीतून फोन लावून विचारलं. उत्तर मिळालं, जे मूल आधी लिहिलं नाही ते मागून जोडता येत नाही, कधीच नाही. मी एप्रिलमध्येच हे लिहायला हवं होतं. हिंमत झाली नाही. तुम्ही खाट घेतलीत हे वाचलं, तेव्हा लाज वाटली.

क्षमा मागायला तोंड नाही. डोक्यावर चटई घेऊन तुमच्या अंगणात बसायला हवं, पण मध्ये समुद्र आहे.

कालेसिता

मांगेरे
२ जुलै २००५

कालेसिता,

माझा मान राहावा म्हणून तू माझ्याच मुलीचं नाव गाळलंस. असा मान आपल्या लोकांखेरीज जगात दुसरं कुणी देत नसेल.

मी कचेरीत जाऊन आले. खिडकीत कोवळी पोरगी होती, गोड बोलणारी. विचारलं, आधी का नाही लिहिलं? मी म्हटलं, कारण ती माझी आहे. म्हणाली, मग तुमच्या दत्तकाचा कागद द्या. म्हटलं, तो तुम्हीच देत नाही. म्हणाली, मग ती तुमच्या भाचीची. म्हटलं, बरं, भाचीची, घ्या. तर म्हणते, "पण भाचीने स्वतःच लिहून दिलंय की तिला दोनच मुलं आहेत." आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो तिथेच ठेवून आले.

मग इसिलेलीकडे गेले. तो तेलकट माणूस आहे, खुर्चीतून उठत नाही, बोलताना दातांतलं मांस काढत असतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, नाव वाढवता येत नाही ना, मग वाढवू नका. फॉर्मावर आठ वर्षांची एक मुलगी आहे. तुमची दहाची, अंगाने बारीक. दोघींत दोनच वर्षं. पासपोर्ट अजून काढलेले नाहीत, फोटो कुणाचा लावायचा ते घरच्यांच्या हातात.

काय म्हणतेय ते तुला कळलं. वासिती आकेसाच्या नावाने येईल. आकेसा थोडे दिवस सासूबाईंजवळ राहील, तुझ्या सासरचं कुणी येऊन बघेल. मग काहीतरी मार्ग काढू. इसिलेली म्हणतो, मार्ग निघतोच.

लिहिताना माझं तोंड कडू झालंय. पण तू मला या दारात आणून उभं केलंस. वासिती पुढच्या वर्षी अकराची होईल, मग बाराची, मग तिचं बारीक अंग राहणार नाही. म्हातारी आज ना उद्या जाईल. मग पोर कुणाच्या ओटीवर टाकायची? तुझ्या आकेसाला बाप आहे, आजोळ आहे, गाव आहे. वासितीला फोनवरचा एक आवाज आहे.

मी हे मागतेय. तुझ्या बापाची बहीण मागतेय. आत्याने मागितलं की द्यायचं असतं, हे मी तुला सांगायचं नाही. नोकरीचा कागद सहीसकट माझ्या पर्समध्ये आहे. तू होय लिहिलंस की टपालात टाकते.

लोसालिने

फालेलोआ
२५ जुलै २००५

आत्या,

तुमचं पत्र आलं आणि मी तुमच्या म्हणण्याप्रमाणे निघाले. हे आधी कळू दे. नाही म्हणायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. सेमिसीला सांगितलं की तुमच्या सासूबाईंना, म्हाताऱ्या लाविनियाबाईंना, बघून येते, आणि आकेसाला घेऊन नुकुआलोफाच्या बोटीत बसले.

घर झाडलेलं होतं. वासितीने आम्हाला अळकुड्या उकडून वाढल्या, स्वतः शेवटी जेवली. म्हातारीचा हात धरून घास तोंडाशी नेत होती, आणि म्हातारी तिच्यावर खेकसत होती. मी दुपारी दोघी मुलींना चटईवर बसवलं. वासितीला म्हटलं, आपण एक खेळ खेळू. तुझं नाव आकेसा. तुझा जन्म मार्च महिन्यातला, सत्त्याण्णवचा. तुझ्या भावाचं नाव पेनी. आता सांग.

तिने एकदाही न अडखळता सांगितलं. का म्हणूनही विचारलं नाही. म्हणाली, "आठ वर्षांची मुलगी किती उंच असते? मी थोडी वाकून चालू का?"

आणि आकेसा, शेजारीच बसलेली, ती म्हणाली, "मग मी कोण?"

मी स्वयंपाकाच्या झोपडीमागे जाऊन ओकले. म्हातारीने आतून विचारलं, पोटुशी आहेस का? कोंबड्या गोळा झाल्या. आत्या, घंटावाल्याची बायको पिल्लू घेऊन आली तेव्हा मला तिची किळस आली होती. तिने निदान कुणाची मुलगी काढून ठेवायला सांगितली नव्हती.

आता खरं लिहिते. जूनमध्ये लिहिलं ते अर्धं होतं. लेखनिकाने मुलांची संख्या विचारली, तेव्हा वासिती माझ्या मनात आली होती. ती रोजच येते. तीन म्हणायला तोंड उघडलं होतं. मग डोळ्यांपुढे विमानतळ आला. तिचा हात धरून मी चालतेय, बाहेर तुम्ही उभ्या आहात, आणि मी हात सोडतेय. एकदा सोडला होता, बाबांच्या मयतात. माझ्या पोलक्याच्या पुढच्या बाजूला दूध उतरलेलं होतं आणि तुम्ही म्हणालात, दे इकडे, आणि पन्नास माणसांपैकी एकानेही मला विचारलं नाही. दुसऱ्यांदा ते करायची माझ्यात ताकद नव्हती. म्हणून दोन म्हटलं. तुमचा मान मी त्यावर मागाहून पांघरला.

म्हणून माझं उत्तर नाही आहे. मी ते पुन्हा लिहिते, कारण हा शब्द मी तुम्हाला कधी म्हटलेला नाही. नाही.

आणि उलट मीच मागते. असं कुणी आत्याकडे मागितल्याचं मी ऐकलेलं नाही, लोक माझ्यावर थुंकतील. मला वासिती परत द्या. मी येत नाही. ती सोडत जळू दे. सेमिसीशी बोलले, तो म्हणाला, चार माणसं तशी पाच. आम्ही म्हातारीलाही हापाईला घेऊन येऊ. फक्त तुम्ही शब्द द्या.

कालेसिता

मांगेरे
१९ ऑगस्ट २००५

कालेसिता,

तुझं पत्र यायच्या आधीच मी रागाने नोकरीचा कागद मुकादमीणबाईला परत केला होता. उत्तराला उशीर झाला तेव्हाच मी काय ते समजले होते. त्या जागेवर एक फिजीची बाई लागलीसुद्धा.

मग पत्र आलं. मी ते कामावर, चादरींच्या ढिगावर बसून वाचलं. माझ्या पन्नास वर्षांत माझ्याकडे कुणी दिलेली वस्तू परत मागितली नव्हती. दोन दिवस तुला शिव्या देत होते. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, तू गावात राहिलीस तर एक दिवस तू बोट पकडून जाशील आणि तिला घेऊन येशील, मी शब्द देवो न देवो. आणि ती येईल. वाकून चालायला तयार आहे, ती कुठेही येईल.

वासिती मी देणार नाही. एवढं एक उत्तर.

आता बाकीचं. लुपेच्या उशांवर मी हसले होते. माझं तुला कधी सांगितलं नाही. मी इथे आले ती तीन महिन्यांच्या परवानगीवर. ती संपल्यावर वर्षभर लपून होते, दारावर थाप पडली की कपाटात. मग फेआओने विचारलं. त्याच्याकडे कागद होते. तोंडाला दारूचा वास यायचा, तो मला कधीच आवडला नाही, मरेपर्यंत नाही. चर्चमध्ये लग्न झालं, सगळे म्हणाले, स्वच्छ वाट. वीस वर्षं मी त्याच्या बाजूला श्वास रोखून निजले. ते घर रिकामं राहिलं म्हणून मला तुझी मुलगी हवी होती. हे वाचून पत्र फाड.

सोबत नोकरीचा कागद आहे. नीट बघ, जागा नवी नाही, माझीच आहे. मी मुकादमीणबाईला सांगितलं की मी सोडतेय, माझ्या जागी भाचीला घे. ती म्हणाली, "तुला वेड लागलंय का? लोक इकडे यायला मरतात." मी म्हटलं, हो, मी बघितलंय त्यांना मरताना. तिने सही केली.

तुझा शिक्का झाला की कळव, त्या आठवड्यात मी निघेन. तू ये. माझ्या घरात राहा, सामान आहे. म्हाताऱ्यांच्या चादरी धू. मी माझ्या सासूला आणि माझ्या मुलीला बघेन. तू नको म्हणालीस तर कागद फाड आणि गावात राहा, मी तरीही जाणार आहे, मग दोघी तिथेच असू आणि वासिती माझ्याच घरात असेल. तेव्हा आकेसा आणि पेनीचा विचार कर. त्यांच्यासाठी तरी ये.

हे मी तुझ्या भल्यासाठी करतेय असं समजू नकोस. थोडं तसंही आहे, पण फार नाही.

आत्या

मांगेरे
२० नोव्हेंबर २००५

आत्या,

आम्ही तुमच्या घरात आहोत. सेमिसी कोंबड्या कापायच्या कारखान्यात लागला, घरी येतो तेव्हा पेनी त्याच्याजवळ जात नाही. मी पहिल्या आठवड्यात दुपारचं जेवले नाही. आता जेवते.

आकेसा मागच्या खोलीत झोपते. कपाटात तो गणवेश होता. तिला मोठा होतो, पण ती तोच घालायचा हट्ट करत होती. मी काढून घेतला आणि चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकला. मेलेनाइतेने मला पायऱ्यांवर अडवलं आणि मुलं किती विचारलं. मी तोंड उघडलं आणि मधल्या मध्ये थांबले. ती हसली, म्हणाली, "मोजायला लागतात वाटतं?"

पासपोर्टवर कायमचा शिक्का आहे. लोक तो उघडून बघायला मागतात आणि त्यावर बोट फिरवतात. मला त्या पानाला हात लावावासा वाटत नाही. तुम्ही म्हणाल, मग आलीस कशाला? आले. आकेसा इंग्रजीत भांडायला शिकली. मला ते आवडतं, आणि आवडतं याची लाज वाटते.

म्हाताऱ्या लाविनियाबाईंची तब्येत कशी आहे? वासिती कधी माझी आठवण काढते का? एवढंच लिहा. बाकी काही मागणार नाही.

कालेसिता

कोलोमोतुआ, नुकुआलोफा
१२ डिसेंबर २००५

कालेसिता,

सासूबाई तशाच आहेत. मी आले हे त्यांना पटत नाही. मला परकी बाई समजून रोज माझ्याविरुद्ध माझ्याकडेच तक्रार करतात. संडासला आता मी नेते. वासिती पाचही दिवस शाळेत जाते. घरी आली की दप्तर ठेवून उभी राहते, काय काम आहे ते मी सांगावं म्हणून. मी काही नाही म्हटलं की तिला भीती वाटते. मग मी तिला काहीतरी सांगते.

तू विचारलंस, ती तुझी आठवण काढते का. नाही काढत. माझीही काढत नव्हती. तू कोण हे तिला ठाऊक आहे, म्हातारीने केव्हाच सांगून टाकलं होतं, रागाच्या भरात, भांडं फोडलं म्हणून. दोघींपैकी कुणीच तिला सांगितलं नाही, ते म्हातारीने सांगितलं.

मी आले त्या दिवशीचं लिहायचं राहिलं. मुद्दाम लिहिलं नव्हतं. टॅक्सीवाल्याने माझ्या पेट्या कुंपणाशी उतरवल्या. ती अंगणात झाडत होती. झाडू हातात तसाच धरून तिने आधी पेट्यांकडे बघितलं, मग माझ्या कंबरेकडे, मी काळे कपडे आणि मयताची चटई बांधलीय का ते. बांधलेली नव्हती. तरीही तिने मला विचारलं, "कोण मेलं?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"मग कुणाला न्यायला आलात?"

मी म्हटलं, कुणालाच नाही, राहायला आलेय.  माझ्या तोंडावर खोटं बोलता असं म्हणायचं नाही, हे तिला शिकवलेलं आहे. आत गेली आणि माझ्यासाठी पाहुण्यांची चटई अंथरली. मी अजून त्याच चटईवर झोपते, आणि सकाळी मी उठले की ती चटई गुंडाळून ठेवते.

लोसालिने